वेगळी घागर

दृढीकरणाच्या वर्गात पाळकांनी आम्हाला दूध आणि जड अन्नाची गोष्ट सांगितली होती. करिंथची मंडळी विश्वासात अजून तान्ही होती, म्हणून पौलाने तिला दूधच पाजले. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. आता प्रभुभोजन घेता येणार, म्हणजे आपले दूध सुटले, असे मला वाटले. श्रद्धेत मोठे होणे म्हणजे काय, हे पुढे मला लक्ष्मीबाई टिळकांच्या घागरीने शिकवले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. काही वर्षांनी त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या, पण चूल वेगळी, पाण्याची घागर वेगळी. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सगळे त्यांनी काही न लपवता सांगितले आहे. पुढे विचार करता करता त्यांना उमगले, की हे जातीचे भेद माणसांनी केले, देवाने नव्हे. मग कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा झाला तो १९०० साली.

मी पुन्हा पुन्हा जातो तो त्या पहिल्या घोटापाशी. मनाला पटलेली गोष्ट घशाखाली उतरायला किती वेळ लागतो! पिढ्यान्‌पिढ्या आखडलेला हात पुढे करायचा, दुसऱ्याच्या ओंजळीतले पाणी ओठाला लावायचे. कुठल्याही मतांतरापेक्षा मला हे मोठे वाटते. टिळक विजेसारखे होते. लक्ष्मीबाई मुरल्या, आणि मुरलेल्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

टिळकांचे वाढणेही बाप्तिस्म्यापाशी थांबले नव्हते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. १९१७ साली, बाप्तिस्म्याला बावीस वर्षे झाल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या, पण बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसालाही तिथे जागा होती. या दाराशी पोचायला त्यांच्यासारख्यालाही इतकी वर्षे लागली. दोन वर्षांनी ते गेले; त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले. लग्नानंतर नवऱ्याकडून वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याला ६४ अध्याय जोडले.

माझीही एक घागर होती. जमिनीच्या वाटणीवरून एका जवळच्या नातेवाइकाशी मी सात वर्षे बोललो नाही. दर रविवारी एकाच मंडळीत, तो पुढच्या बाकावर, मी मागच्या. प्रभूची प्रार्थना आम्ही दोघेही म्हणायचो आणि क्षमेची ओळ माझ्या तोंडून अडखळल्याशिवाय निघून जायची. तिचे ते सहज निघून जाणे मला फार उशिरा टोचले. पुस्तक वाचून लगेच बदललो असे नाही. आधी त्याच्या घरावरून जाताना मान वळवणे थांबले. मग त्याच्या आईच्या मातीला गेलो आणि परत येताना त्याच्या बाजूने चाललो. बोललो काहीच नाही.

गेल्या उत्तम शुक्रवारी देऊळ भरले होते. तो उशिरा आला आणि माझ्या बाकावर जागा होती तिथे बसला. भाकरीची ताटली त्याच्याकडून माझ्याकडे आली. मी तुकडा उचलला. ताटली धरलेला त्याचा हात कापत होता, माझाही.