समासातली प्रश्नचिन्हं

1984 सालच्या दिवाळी अंकात माझी पहिली कथा छापून आली, तेव्हा मी पंचविशीच्या आत होतो आणि नियम मोडायचे असतात एवढंच मला कळत होतं. ‘कोसला’ ही कादंबरी वाचून डोकं फिरलेली पोरं तेव्हा कॉलेजा-कॉलेजांत असायची, त्यांतला मी एक. त्याआधी एका संपादकांनी तीच कथा ‘आधी शुद्धलेखन शिका’ असं पोस्टकार्ड जोडून परत पाठवली होती. त्यामुळे तर माझी खात्रीच पटली होती की आपण काहीतरी थोर लिहिलंय.

प्रुफं बघायला म्हणून पुण्यातल्या एका बोळातल्या छापखान्यात गेलो. खिळे जुळवणाऱ्यांच्या मागे, पिवळ्या दिव्याखाली मुद्रितशोधक काका बसलेले. शाईचा आणि रॉकेलचा वास. माझी गॅली पुढे सरकवून ते म्हणाले, “या लेखक. बसा. तुमच्या आजीबाईंनी घोटाळा केलाय.”

कथेतली आजी वऱ्हाडी, माझ्याच आजीवर बेतलेली. गॅलीत माझ्या शब्दांना दुरुस्ती एकही नव्हती, समासात पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्हं होती. अकरा. आजी एका ओळीत ‘मले’ म्हणत होती, चार ओळींनी ‘मला’.

“तिकडे कसं बोलतात ते मला माहीत नाही,” काका म्हणाले, “पण ही बाई एकच आहे ना?”

मी घाईघाईनं बोलीभाषेचं समर्थन सुरू केलं. त्यांनी खणातून एक जीर्ण पुस्तिका काढली. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम, 1962 चे चौदा आणि 1972 ला जोडलेले चार. पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे अनुस्वार देऊन लिहायची मुभा त्या नियमांतच दिलेली होती. मी ज्याच्याशी भांडायला आलो होतो त्या दाराला कडीच नव्हती. (मला ते पोस्टकार्ड आठवलं. त्या संपादकांनीही हा नियम वाचला नसावा.)

मग त्यांनी विचारलं, “आजी बोलते तेव्हा ठीक. पण हे खालचं वाक्य कोण सांगतंय? इथेही ‘जाऊन रायला’ कसं?”

ते वाक्य निवेदकाचं होतं. म्हणजे माझं. की कथेतल्या नातवाचं? मला सांगता येईना.

त्या संध्याकाळी त्यांनी जे सांगितलं ते मला नंतर कुठल्याच शिबिरात मिळालं नाही. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये कौतिक वऱ्हाडीत बोलते, पण तिची गोष्ट सांगणारा प्रमाण मराठीत सांगतो. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’त गोष्ट सांगणारा पोक्या स्वतःच नाक्यावरचा, म्हणून तिथे निवेदनालाही नाक्याचीच भाषा. त्या भाषेवरून अत्र्यांनी केवढा गहजब केला होता! काकांना स्वतःला ते पुस्तक आवडत नसे, पण ‘एकही शब्द बदलता येणार नाही’ असं म्हणत. नियम कुणी मोडला, लेखकानं की सांगणाऱ्यानं, एवढंच ते बघायचे. सांगणाऱ्यानं मोडला असेल तर ते पेन्सिल खाली ठेवत.

माझ्या कथेत एक मास्तर होते. त्यांच्या तोंडी काकांनी ‘वगैरे’ मोजले होते. चौदा. “‘कोसला’तल्या सांगवीकराचं वगैरे सांगवीकराला शोभतं, त्याला कशाचंच काही वाटेनासं झालंय. तुमच्या मास्तरांना काय झालंय?” मास्तरांना काहीच झालं नव्हतं. मला ‘कोसला’ झाला होता.

सगळ्यात मोठी भीती मला होती ती शेवटच्या पानाची. तिथे नातू रात्री डॉक्टरला आणायला दोन कोस पळत जातो, आणि अख्खं पान मी एकाही विरामचिन्हाशिवाय लिहिलं होतं. काका ते नीट करणार असं धरूनच मी गेलो होतो. त्यांनी हात लावला नव्हता. जुळाऱ्यानं सवयीनं टाकलेले दोन स्वल्पविराम उलट त्यांनीच काढले होते. फक्त एका ठिकाणी, डॉक्टरच्या ओट्यापाशी, त्यांनी पेन्सिलीनं पूर्णविराम दिला होता आणि त्याच्याही समोर प्रश्नचिन्ह.

“दार आलं की. आता तरी पोरगं थांबेल ना?”

मी तो पूर्णविराम ठेवला. त्या कथेबद्दल आजवर कुणी चांगलं बोललं असेल तर त्या पानाबद्दल, आणि लोकांना आठवतो तो नेमका तो थांबा. प्रत्येक वेळी मी मान डोलावून कौतुक घेतलं आहे.

अकरांपैकी नऊ प्रश्नचिन्हं मी दुरुस्त केली. दोन तशीच सोडली, आणि का सोडली ते काकांना सांगू शकलो. त्यावर ते ‘हं’ म्हणाले. पुढची अकरा वर्षं मी काहीही लिहिलं की आधी त्या बोळात जात असे.

पहिला कथासंग्रह निघाला तेव्हा ऋणनिर्देशात मी त्यांचं नाव घातलं, चांगल्या चार ओळी लिहून. प्रुफं त्यांच्याकडेच गेली होती. परत आली तेव्हा त्या चारही ओळींवर आडवी रेघ होती आणि समासात गाळण्याची खूण. प्रश्नचिन्ह नव्हतं.

ते आता नाहीत. ती खूण मी तेव्हा मानली, म्हणून इथेही नाव दिलेलं नाही.