पहारेकऱ्यावर पहारा

दारात पहारेकरी ठेवला की माणूस निर्धास्त झोपतो. त्या पहारेकऱ्यावर कोणी पहारा ठेवायचा, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. पडला तर झोप कशी लागणार!

हा प्रश्न मला पडला तो गोंदियातल्या एका कचेरीत. तेथले संगणक माझा एक जुना विद्यार्थी सांभाळतो. मे महिना होता; बाहेर पारा 45 अंशांकडे चाललेला. आत लोखंडी मांडणीत डिस्कांची एक पेटी होती, आणि तिच्यात कित्येक शेतकऱ्यांच्या धानाचे हिशेब. पेटीच्या पाठीमागे एक छोटे मॉड्यूल बसवलेले असते. आत उष्णता किती, पंखे फिरतात का, वीज नीट येते का, कोणती डिस्क आजारी आहे, हे त्याने सर्व्हरला कळवत राहायचे. थोडक्यात, राखणदारच तो.

"सर, ही गंमत पाहा," तो म्हणाला. पडद्यावर सारे हिरवेगार. उष्णता 24 अंश. "आज सहा दिवस 24च आहे. परवा वीज गेली, खोली भट्टीसारखी तापली, तरीही 24!"

मॉड्यूल कधीचेच गोठले होते. डिस्कांचे काम त्याच्यावाचून चालू शकते, म्हणून हिशेब सुरळीत होते. पडदा मात्र शेवटचा निरोप पोपटासारखा घोकत बसला होता. एखादा पंखा बंद पडला असता तर कोणाला पत्ताही लागला नसता. अशा पेटीत पुष्कळदा दोन मॉड्यूले असतात, एक निजले तर दुसऱ्याने सांगावे म्हणून. येथे दुसरी जागा पत्र्याच्या तुकड्याने झाकली होती. काटकसर, दुसरे काय!

मला आमच्या गावचा कोतवाल आठवला. चोऱ्यांच्या दिवसांत तो रात्रभर "जागते रहो" म्हणत गस्त घाली. लोकांना वाटे, ही हाक चोरांसाठी आहे. खरे म्हणजे ती त्याची स्वतःची हजेरी होती. एका रात्री हाक आली नाही आणि त्या शांततेनेच निम्मे गाव जागे झाले. वडील कंदील घेऊन निघाले. कोतवाल बोडीच्या पाळीवर तापाने फणफणत पडला होता.

गोंदिया पडले जंक्शन, तेव्हा इंजिनातली युक्तीही सांगतो. चालकाची मिनिटभर काही हालचाल झाली नाही तर तेथले उपकरण आधी दिवा लावते, मग आवाज करते, आणि तरीही उत्तर न आल्यास गाडीला ब्रेक लावते.

माझ्या विद्यार्थ्याने तेच केले. "सारे ठीक ना?" एवढेच न विचारता, उत्तर केव्हाचे आहे तेही तो आता तपासतो. ठरल्या वेळात ताजे उत्तर आले नाही, की हिरवा रंग जाऊन लाल येतो. रविवारी पेटी बंद करून त्याने नवे मॉड्यूल बसवले. तासाभराने पडद्यावर आकडा उमटला: 31.

आकडा काही चांगला नव्हता. पोरगा मात्र भलताच खूष झाला, आणि पंख्याची जाळी झाडायला उठला.