थांबलेला चेंडू

क्रिकेटचा चेंडू धावत येतो; गोल्फचा स्वस्थ बसलेला असतो. मग त्याला मारण्यात अवघड ते काय? वर्गातली मुलं असं विचारतात, तेव्हा मी त्यांना थेट चंद्रावर नेते!

१९७१ साली अपोलो-१४ चे अंतराळवीर ॲलन शेपर्ड तिथे गोल्फ खेळले. पोशाख इतका ताठर, की काठी एकाच हाताने फिरवावी लागली. पहिल्या फटक्यात चेंडूपेक्षा धूळच जास्त उडाली!

कारण हा फटका नुसत्या हातांचा नसतोच. आधी कंबर वळते, मग खांदे, मग हात नि शेवटी काठी. एकाने घाई केली, की चेंडू भरकटलाच.

शेपर्ड मात्र मारत राहिले, नि चेंडू उडाला.

मुलांनो, थांबलेल्या चेंडूपुढे गोलंदाजाला बोल लावता येत नाही. म्हणूनच तो अवघड, नि म्हणूनच मला आवडतो.