ओशन ड्राइव्हचे व्हरांडे

फ्लोरिडातल्या मायामी बीचच्या ओशन ड्राइव्हवर एका बाजूला अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूला ठेंगणी हॉटेलं. बहुतेक १९३० च्या दशकातली. गोल कोपरे, खिडक्यांवर भुवयांसारखे बारीक छज्जे, खाली टेराझोची फरशी. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर वाढलेल्याला ती परकी वाटायची नाहीत. दोन्हीकडची आर्ट डेको बांधणी एकाच काळातली.

न्यूयॉर्कचे बिल्डर टोनी गोल्डमन १९८५ च्या सुमारास इथे आले तेव्हा भिंतींचे पोपडे निघालेले होते. व्हरांड्यात ओळीनं खुर्च्या टाकून निवृत्त म्हातारी माणसं समुद्राकडे बघत बसलेली असायची, त्यांत ज्यू बरेच. अंधार पडला की अमली पदार्थांचा धंदा रस्त्यावर उतरायचा. इथे पैसा घालणं शहाण्यासुरत्या माणसाचं काम नव्हतं. गोल्डमन यांनी एकामागून एक इमारती घ्यायला सुरुवात केली.

या इमारती वाचवण्याचं पहिलं श्रेय मात्र बार्बरा कॅपिटमन यांचं. १९७६ मध्ये त्यांनी संवर्धनाची संस्था उभी केली, आणि १९७९ मध्ये हा भाग राष्ट्रीय वारसा नोंदीत गेला. पण नोंद झाली म्हणून बुलडोझर थांबत नसतो. सेनेटर हॉटेल १९८८ मध्ये पाडलंच. वाचलेली इमारत चालतीबोलती व्हायला हवी, तिच्यात दिवे लागायला हवेत, ही जाण गोल्डमन यांनी आणली. न्यूयॉर्कच्या सोहोत ओतीव लोखंडाच्या जुन्या इमारती घेताना ते हेच शिकले होते. ग्रीन स्ट्रीटवर त्यांनी जाझचं रेस्तराँ काढलं होतं. तळमजल्यावर माणसं जेवायला थांबली की वरचे मजले आपोआप जागे होतात, हा त्यांचा हिशेब. मला त्यांचं मोठेपण इथे दिसतं: ते इमारतीआधी पदपथ बघत.

पुढे विनवूड. मायामीतली पोर्तो रिकन लोकांची जुनी वस्ती, आणि तिच्यात बिनखिडक्यांची बुटकी गोदामं. इतरांना ज्या भकास वाटल्या, त्या भिंती गोल्डमन यांना चित्रांसाठी हव्या होत्या. २००९ मध्ये कलाव्यापारी जेफ्री डाइच यांच्यासोबत ‘विनवूड वॉल्स’ सुरू झालं आणि जगभरचे भित्तिचित्रकार तिथे रंगाचे डबे घेऊन उभे राहिले. तीनच वर्षांनी, ११ सप्टेंबर २०१२ रोजी, अडुसष्टाव्या वर्षी गोल्डमन गेले. मुलगी जेसिका यांनी काम हाती घेतलं.

त्यांना मनापासून मानतानाही एक गोष्ट सलते. ओशन ड्राइव्हच्या व्हरांड्यांतून त्या खुर्च्या गेल्या, त्या जागी कॅफेंची टेबलं आली. विनवूडची भाडी चढली तशी जुनी पोर्तो रिकन बिऱ्हाडं हलली, आणि ज्यांच्यामुळे वस्ती नावारूपाला आली त्या कलाकारांनाही स्टुडिओ परवडेनात. हा सगळा दोष एका बिल्डरच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं. पडीक इमारतीत जीव ओतणं त्याच्या हातात असतं; भाड्याला लगाम घालणं सरकारच्या. फ्लोरिडानं १९७७ मध्येच भाडेनियंत्रणाचे हात जवळजवळ बांधून टाकले होते, आणि २०२३ च्या कायद्यानं ती वाट पूर्णच बंद केली.