सिंगल रूम, माउंटन व्ह्यू

‘मॅडम, बरोबर कोण आहे?’

महाबळेश्वरच्या बाजारात हा प्रश्न मला लागोपाठ तीन काउंटरवर विचारला गेला. कोणीच नाही, म्हटल्यावर तिन्हीकडे रूम ‘आत्ताच’ फुल्ल झाली. चौथ्या ठिकाणी गल्ल्यावर मावशी होत्या. त्यांनी ओळखपत्र पाहिलं, ‘गरम पाणी सातपर्यंतच हं’ म्हणाल्या आणि किल्ली हातात दिली. विषय संपला!

हनिमूनचं नाहीतर फॅमिली ट्रिपचं हे गाव. एकट्या मुलीनं पाठीला सॅक अडकवून इथं काय करायचं? मी सांगते. चालायचं. टॅक्सीवाले अर्ध्या दिवसात डझनभर पॉइंट ‘करून’ आणतात. त्यात फोटो मिळतात, गाव मिळत नाही.

मी मूळची परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसची. आमच्याकडे १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, त्यामुळे गोऱ्या साहेबाशी थेट संबंध नाही. इथं मात्र पावलोपावली साहेब! १८२४ मध्ये हा डोंगर चढून आलेला लॉडविक, मुलीच्या नावानं केट्स पॉइंट आणि स्वतःच्या नावानं अख्खी पेठ मिळालेला गव्हर्नर माल्कम. माल्कमच्या काळातच, १८२९ मध्ये, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना वाईकडचं खंडाळा गाव देऊन इंग्रजांनी ही जागा घेतली. मग मुंबई इलाख्याचं सरकार दर उन्हाळ्यात फायली, खानसामे, घोडे घेऊन वर यायचं आणि पाऊस लागायच्या आत खाली पळायचं. पळणारच. परभणीत वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, इथं साडेपाच हजारांच्या वर!

पण बॉस, रस्ते कोणी केले? साहेबानं तर नाहीच. पूर्वेकडच्या ब्रिटिश वसाहतींतून आणलेले चिनी आणि मलायी कैदी इथल्या तुरुंगात होते. १८३० च्या दशकापासून १८६४ पर्यंत. त्यांनी रस्ते केले, बटाटे पिकवले, वेताच्या टोपल्या विणल्या. त्यांची आठवण म्हणून उरलाय एक चायनामन्स फॉल. नाव त्यातल्या एकाचंही नाही. दुपारी बाजारातून चणे खात चालताना माझ्या डोक्यात तेच होतं. समोर स्ट्रॉबेरी क्रीमची रांग होती. (मीही लागले रांगेत. उपास थोडाच होता?)

दुसऱ्या दिवशी पहाटे विल्सन पॉइंट. १४३९ मीटर, इथली सगळ्यात उंच जागा. मे महिन्यात स्वेटर! तिथून उतरून एसटीनं क्षेत्र महाबळेश्वरला गेले. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशा पाच धारा. साहेब यायच्या कितीतरी आधीचं महाबळेश्वर हे. दगडी गाभाऱ्यात पाय गार पडले आणि मला आमचं घर आठवलं. पत्रे तापलेले, कूलरमध्ये पाणी नाही, लाइट गेलेली आणि बाबा ओला पंचा डोक्यावर टाकून दुकानात बसलेले. उन्हाळा टाळता येतो ही कल्पनाच आमच्या घरात कधी आली नाही. सुट्टी लागली की आम्ही आजोळी जायचो, तेही नांदेडला. म्हणजे त्याच उन्हात.

ही ट्रिप घरी सांगितली नव्हती. देवळाबाहेरून आईला फोन लावला.

‘एकलीच गेलीस व्हय?’

‘हो.’

‘लोक काय म्हणतील गं? लग्नाचं बघायलोत आम्ही.’

पुढची पाच मिनिटं मी फक्त ऐकून घेतलं. पगार माझा, रजा माझी, हे सगळं तोंडावर आलं होतं, पण मागं तिच्या हातातल्या पुठ्ठ्याच्या वाऱ्याचा आवाज येत होता. फडफड, फडफड.

मग तीच थांबली.

‘तिथं रातच्याला गोधडी लागती का?’

‘दोन लागतात, आई.’

‘मे महिन्यात?’

‘मे महिन्यात.’

जरा वेळ नुसती फडफड. मग हळूच, बाबांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात, ‘खोली केवढ्याला पडती गं?’