बदलीचा गोलंदाज

'बदली' हा शब्द सेलवासच्या जुन्या मराठी घरांना नवा नाही. कोणाचे वडील शाळामास्तर म्हणून आले, कोणाचे काका सरकारी कचेरीत, कोणी पुढे कारखान्यातील नोकरीनिमित्त. आणि 'दोन-तीन वर्षांत बदली होईलच' असे म्हणता म्हणता दुसरी-तिसरी पिढी येथेच वाढली. माझे वडीलही असेच एका हुकुमाचा कागद खिशात घालून येथे आले. त्यामुळे बदली झालेल्या माणसाविषयी मला उपजतच आस्था आहे. क्रिकेटच्या बाबतीत मात्र ही आस्था फार उशिरा जागी झाली, आणि तीही एका गोलंदाजामुळे. त्याचीच ही हकिकत.

२०२५ च्या नोव्हेंबरात, आयपीएलमधील संघांना खेळाडूंची अदलाबदल करण्याची मुदत संपत आली असताना बातमी आली, की शार्दूल ठाकूर २ कोटी रुपयांना लखनौकडून मुंबई इंडियन्सकडे गेला. वापीला गाडीत बसून मुंबईस जाणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने पालघर स्थानक शेकडो वेळा पाहिले असेल. शार्दूल त्या पालघरचा. क्रिकेटचे साहित्य पाठीवर घेऊन तो गाडीच्या गर्दीतून मुंबईच्या मैदानांवर जाई. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीच्या शाळेत आणले, आपल्या घरी ठेवून घेतले, आणि २००६ साली हॅरिस शील्डच्या सामन्यात त्याने एका षटकात सहा षटकार मारले. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेचा दौरा आटोपून परतल्यावर हा भारतीय संघातील खेळाडू अंधेरीहून लोकलने पालघरला गेला, याची वर्तमानपत्रांत बातमी झाली. आपल्याकडच्या लोकांना त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

त्याच्याविषयीची माझी पहिली ठळक आठवण मात्र अभिमानाची नाही. १२ मे २०१९ ची रात्र. हैदराबादला मुंबई आणि चेन्नई यांच्यात अंतिम सामना. आमचे घर मुंबई इंडियन्सचे. शेजारपाजारची चार मंडळीही दूरदर्शन संचासमोर येऊन बसलेली. शेवटचे दोन चेंडू उरले, चेन्नईला चार धावा हव्या होत्या, आणि फलंदाजीस आला शार्दूल. पहिल्या चेंडूवर त्याने दोन धावा काढल्या. शेवटचा चेंडू मलिंगाने संथ टाकला, तो पॅडवर आदळला आणि पंचांचे बोट वर गेले. मुंबई एका धावेने जिंकली. मी खुर्चीवरून उडालो, टाळ्या पिटल्या. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, "अहो, तो आपल्या पालघरचा ना?" माझे हात खाली आले. दोन वर्षांपूर्वी, २०१७ च्या अंतिम सामन्यातही मुंबईने पुण्याला एकाच धावेने हरवले होते, आणि तेव्हा तो पुण्याच्या संघात होता, हे मला नंतर आठवले.

त्या रात्रीपासून मी या अदलाबदलीच्या व्यवहाराकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. हा व्यवहार आयपीएलइतकाच जुना आहे. २००९ च्या हंगामापूर्वी मुंबईने रॉबिन उथप्पाला बंगळूरला दिले आणि श्रीरामपूरच्या झहीर खानला घेतले. फलंदाज देऊन गोलंदाज घ्यावा, ही सुबुद्धी तेव्हाची. प्रेक्षक मैदानावर येतात ते बहुधा फलंदाजासाठी, पण करंडक घरी येतो तो गोलंदाजाच्या खांद्यावरून, असे माझे जुने मत आहे. याचा सर्वांत चांगला दाखला २०२० चा. दिल्लीने ट्रेंट बोल्ट हा डावखुरा वेगवान गोलंदाज मुंबईला देऊन टाकला. त्या हंगामात त्याने २५ बळी घेतले. आणि अंतिम सामना मुंबईचा पडला तो नेमका दिल्लीशीच. सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर बोल्टने दिल्लीचा फलंदाज बाद केला. सामनावीरही तोच ठरला.

अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या साखळीत तर हा बाजार ऐन हंगामात, जुलैअखेरीस, कळसाला पोहोचतो. विजेतेपदाच्या जवळ आलेल्या संघाला चेंडू फेकणारा, ज्याला तेथे पिचर म्हणतात, तो कमी पडतो. मग आजची गरज भागवण्यासाठी उद्याचा होतकरू मुलगा दिला जातो. १९८७ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या संघाने डॉइल अलेक्झांडर हा ३६ वर्षांचा पिचर अटलांटाकडून घेतला. त्याने उरलेल्या हंगामात ९ सामने जिंकून दिले, एकही गमावला नाही, आणि डेट्रॉइट आपल्या गटात पहिले आले. मात्र त्याच्या बदल्यात दिलेला वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ, जो डेट्रॉइट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनचाच, तो पुढे अटलांटाचा आधारस्तंभ झाला आणि २०१५ साली त्या खेळातील सर्वोच्च सन्मानाला पोहोचला. डेट्रॉइटचे चुकले का? त्या वर्षापुरते नाही. पण घरचा मुलगा परक्या गावी मोठा होताना पाहण्याची पाळी त्यांच्या चाहत्यांवर आली. आपल्यालाही ती चांगलीच ओळखीची आहे.

मुंबईचेही एकदा असेच बिनसले. २०२३ च्या हंगामात पाठीच्या दुखण्यामुळे बुमराह एकही सामना खेळला नाही, आणि त्याच्याशिवाय गोलंदाजी किती पोकळ आहे हे उघड झाले. त्यानंतर संघाने काय करावे? मोठा गाजावाजा करून गुजरातकडून हार्दिक पंड्याला आणले, कॅमरन ग्रीनला बंगळूरला दिले, आणि रोहित शर्माचे कर्णधारपद काढून हार्दिकला दिले. २०२४ साली वानखेडेवर लोकांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. मी येथे घरात बसून तेच केले, हे कबूल केले पाहिजे. परंतु आता शांतपणे पाहता वाटते, की आमचा राग भलत्या ठिकाणी होता. बुमराहने त्या हंगामात १३ सामन्यांत २० बळी घेतले आणि तरीही मुंबई दहा संघांत दहावी आली. एका टोकाने बुमराह धावा रोखीत होता आणि दुसऱ्या टोकाने त्या वाहून जात होत्या. उणीव कर्णधाराच्या आडनावात नव्हती, ती दुसऱ्या टोकाला होती. ज्याची बदली झाली त्या माणसावर आम्ही तोंडसुख घेतले. बदली कशासाठी केली, हे मात्र कोणी विचारले नाही.

इकडे शार्दूलचे काय चालले होते? पंजाबने त्याला पुण्याला दिले, पुण्याचा संघ संपल्यावर चेन्नईने घेतले, २०२२ च्या लिलावात दिल्लीने त्याच्यासाठी १०.७५ कोटी मोजले आणि वर्षभरातच कोलकात्याला दिले. तेथून पुन्हा चेन्नई, ४ कोटींना. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात लिलावात त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा एकाही संघाने हात वर केला नाही. २०२१ साली ब्रिस्बेनच्या कसोटीत ६७ धावा आणि ७ बळी मिळवणारा हाच तो. त्याने काय केले? मुंबईकडून रणजी खेळत राहिला, जम्मू-काश्मीरविरुद्ध शतक काढले, मेघालयाविरुद्ध त्रिक्रम केला. मग लखनौचा मोहसीन खान जायबंदी झाला आणि त्याच्या जागी शार्दूलला बोलावणे आले. 'बदली खेळाडू' म्हणून गेलेल्या या गोलंदाजाने दुसऱ्याच सामन्यात हैदराबादविरुद्ध ३४ धावांत ४ बळी घेतले. लखनौचा मार्गदर्शक तेव्हा कोण होता? झहीर खान. सोळा वर्षांपूर्वी ज्याची स्वतःची अदलाबदल झाली होती, तोच.

मुंबईने २ कोटींत केलेला हा व्यवहार मला पटतो, तो 'घरचा मुलगा घरी आला' म्हणून नव्हे. त्याच मुदतीत अर्जुन तेंडुलकर मुंबईहून लखनौला गेला. घराणे, आडनाव, गाव यांना या बाजारात वजन नसते, आणि नसावेही. पटतो तो एवढ्यासाठी, की येथे गरज आधी पाहिली गेली. नवा चेंडू बुमराह आणि बोल्ट यांच्या हाती असताना डावाच्या मधल्या षटकांत मार खाण्याची तयारी ठेवून बळी मिळवणारा, आणि खाली येऊन पंधरा-वीस धावा काढणारा गडी हवा होता. शार्दूलच्या षटकांत धावा जातात, हे मी नाकारीत नाही. पण जोडी फोडण्याची त्याची हातोटी जुनी आहे.

आणि घराचे म्हणाल, तर तो घराबाहेर कधी गेलाच नव्हता. आयपीएलमध्ये सहा गावांचे पाणी पिऊन तो दर हिवाळ्यात मुंबईच्या रणजी संघात परत येत होता. २०२५ च्या ऑक्टोबरात त्या संघाचे कर्णधारपदही त्याच्याकडे आले. आमची मुंबई तेवढी रंगीत जर्सीतली होती, त्याची मुंबई निराळी होती.

बातमी आली त्या संध्याकाळी मी ती सौभाग्यवतीला वाचून दाखवली. तिने विचारले, "म्हणजे आता त्याच्या नावाने टाळ्या वाजवायला हरकत नाही?" मी म्हटले, नाही. मग थोड्या वेळाने वाटले, २०१९ सालीही नव्हतीच. वडिलांच्या कागदपत्रांच्या पेटीत त्यांच्या बदलीचा तो हुकूम अजून आहे. त्यावर गावाचे नाव आहे, पद आहे, रुजू होण्याची तारीख आहे. परत केव्हा यायचे, ते लिहिलेले नाही.