विजेरी आणि डाळिंबी काठ

आमच्या आईला चाळीसएक रंग ओळखता येतात. मला सात. त्यातही पारवा आणि पांढरा यांच्या सीमेवर माझी हमखास चकमक उडते. लहानपणी तिच्याबरोबर लक्ष्मी रोडला गेलो की दुकानदार साडी उलगडायचा, ही पदर हातात धरून सरळ दुकानाबाहेर चालू लागायची आणि तो बिचारा साडीचं दुसरं टोक सांभाळत मागोमाग उन्हात यायचा. "आतल्या उजेडात सगळंच डाळिंबी दिसतं," हे तिचं शास्त्र. मी तेव्हा दुसऱ्याच कोणत्या तरी कुटुंबातला असल्यासारखा फुटपाथवर उभा राहत असे. हे शास्त्र खरं आहे आणि त्याची दखल घेणारा, व्हिएन्नात कचेरी असलेला एक आंतरराष्ट्रीय आयोगही आहे, हे कळायला मला वयाची पंचावन्न वर्षं लागली.

निमित्त झालं तिच्या पायाचं. आई आता त्र्याऐंशीची. साखर जुनी, त्यामुळे पावलांना लागलंखुपलं फारसं कळत नाही. डॉक्टरांनी मला काम लावून दिलं : रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या, कुठं लाली दिसली की यायचं. दिवसा मी कचेरीत. रात्री छताजवळच्या ट्यूबचा उजेड तळपायापर्यंत पोचत नाही, कारण तळपाय हा स्वभावतःच जमिनीकडे तोंड करून असतो. म्हणून रस्त्यावरून दीडशे रुपयांची बॅटरी आणली. (विजेरी हा शब्द मी फक्त लेख लिहिताना वापरतो.) अकरा रात्री मारुतीसारखा आईच्या पायाशी बसून मी पाहणी केली आणि रोज 'काही नाही' असा निकाल दिला. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी दवाखान्याच्या खिडकीशी पाय उचलला आणि करंगळीखालची रुपयाएवढी लाली त्यांना अर्ध्या सेकंदात दिसली. मधोमध कातडी फुटलेली. पुढे दीड महिना ड्रेसिंग चाललं. आई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी माझी बॅटरी मागून घेतली, पडदा ओढला आणि उजेड आपल्याच तळहातावर पाडला. तळहात नुकताच गिलावा केल्यासारखा दिसला. "ह्यात तांबडा कुठाय?" ते म्हणाले.

माझा स्वभाव असा, की चूक सुधारण्याआधी मी तिचा अभ्यास करतो. अभ्यासात कळलं ते असं. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच, निळा असतो. झगझगीत निळा एलईडी जपानात निचिया कंपनीच्या शूजी नाकामुरा यांनी १९९३ साली करून दाखवला आणि निळ्या दिव्यांच्या या कामाबद्दल अकासाकी आणि अमानो यांच्याबरोबर त्यांना २०१४ साली नोबेल मिळालं. त्या निळ्यावर पिवळ्या पुडीचा लेप दिला, की निळं-पिवळं मिळून आपल्या डोळ्याला पांढरं भासतं. थोडक्यात, निळीत हळद कालवायची. तांबडं त्यात तोंडी लावण्यापुरतं. आणि ज्या वस्तूवर तांबडा उजेड पडतच नाही, ती परत तरी कुठून करणार?

दिव्यांची या विषयात परीक्षा घेतात, तिला सीआरआय म्हणतात. जुन्या तारेच्या बल्बला शंभरपैकी शंभर. वर सांगितलेल्या आयोगाने १९६५ साली ही पद्धत घालून दिली. परीक्षेला रंग चौदा, पण सरासरी पहिल्या आठांचीच. आणि हे आठ म्हणजे धुऊन धुऊन विटलेल्या साड्यांसारखे फिकट. खरा रसरशीत तांबडा नवव्या नंबरवर, आणि त्याचे गुण धरायचे नाहीत! म्हणजे गणिताचा पेपर घ्यायचा, पण टक्केवारीत मोजायचा नाही. या पद्धतीने मी बोर्डात आलो असतो. ऐंशी गुण मिळवणारा दिवा या नवव्या विषयात शून्य घेऊ शकतो. शून्याच्या खालीसुद्धा जातो. तिथवर मीही कधी गेलो नव्हतो.

तपकीर गल्लीत जाऊन एका दुकानदाराला विचारलं, "नववा रंग किती आहे हो?"

"साहेब, पाच वॅट, दहा वॅट, पंधरा वॅट. रंगीत पाहिजे असेल तर दिवाळीच्या माळा समोर."

शेवटी परदेशातून सुटे एलईडी मागवले. तीन जातींचे, एकूण पाच. प्रत्येक साडेतीन मिलिमीटरचा, म्हणजे शिंकलं की गेला. ते तांब्याच्या चकतीवर डागायचे तर खालून सारखी उष्णता हवी आणि त्याला घरातलं सर्वोत्तम यंत्र म्हणजे उलटी धरलेली इस्त्री. शिसं घातलेलं कथील १८३ अंशांना पातळ होतं. इस्त्री 'सुती'वर ठेवली.

"अहो, इस्त्री उताणी का आहे?" ही स्वयंपाकघरातून.

"आईच्या पायासाठी."

याच्यावर हिने काहीच विचारलं नाही. तीस वर्षांच्या संसाराचा हा फायदा. पहिला दिवा मी उलटा बसवला, तो वाया गेला. दुसरा मात्र कथील पातळ होताच अंग झटकून आपला आपण नीट जागेवर सरकला. मला इतका आनंद झाला, की मी इस्त्रीलाच हात लावला.

खरी पंचाईत पारखण्यात. मोबाइलमध्ये फोटो काढावा तर तो दीडशहाणा पांढरं आपल्या मनाने दुरुस्त करतो. आपला डोळाही तसलाच. मिनिटभरात कुठल्याही उजेडाशी घरोबा करतो आणि त्याला पांढरा म्हणायला लागतो. म्हणून दोन दिवे अंधारात शेजारीशेजारी पाडून बघावे लागतात. मी कुंकवाचा करंडा, टोमॅटो आणि स्वतःचा तळहात घेऊन तीन रात्री बसलो. उरलेल्या चारही दिव्यांना कागदोपत्री नव्वदच्या वर गुण. मला चारही सारखेच.

मग आईला बोलावलं. तिने कपाटातून तिची पैठणी काढली, डाळिंबी काठाची. कुठला दिवा कुठला ते न सांगता मी एकेक लावत गेलो.

"हा शेवाळी उजेड आहे," पहिल्याला ती म्हणाली. (पुस्तकात बघितलं. गुण चांगले असूनही काही दिवे हिरवट मारतात, असं तिथे दोन पानं खर्चून सांगितलं होतं.) दुसऱ्यात काठ विटकरी ठरला. तिसऱ्यात "बरा आहे, पण आजारी." चौथा लावला तेव्हा ती काही बोललीच नाही. काठावरून नुसता हात फिरवला. मग म्हणाली, "हा माझा काठ."

तो निचियाचाच होता. ५१९ ए, चार हजार पाचशे केल्विनचा, ना पिवळट ना निळसर. आता त्याच विजेत हा इतरांपेक्षा कमी उजेड देतो. गडद तांबड्याला डोळा मुळातच कमी दाद देतो, त्यामुळे तांबडं वाढवलं की मोजमापात उजेड घटतो. डब्यावर लुमेनचे मोठे आकडे छापणाऱ्यांना तांबड्याचं वावडं असतं ते याचसाठी.

आषाढात एका रात्री अंगठ्याच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढं गुलाबी दिसलं. मी जुनी बॅटरी आणून तिथेच पाडली. काही नाही. नवी पाडली, गुलाबी. पुन्हा जुनी, पुन्हा नवी. "अरे, माझा पाय आहे, सिनेमा नव्हे," आई म्हणाली. सकाळी डॉक्टरांकडे गेलो. नव्या चपलेचा पट्टा घासत होता. चप्पल बदलली, चार दिवसांत पाय साफ. डॉक्टरांनी बॅटरी माझ्या घशात मारून बघितली आणि त्यांना एक करून द्याल का म्हणून विचारलं. इस्त्री पुन्हा उताणी झाली.

आता रात्री पायापुरती बॅटरी माझ्या ताब्यात असते, एरवी आईच्या पिशवीत. परवा ती सुनेबरोबर लक्ष्मी रोडला गेली होती. गुडघ्यांमुळे पायऱ्या चढून-उतरून उन्हात जाणं आता होत नाही. दुकानदाराने साडी उलगडली, "आजी, अस्सल डाळिंबी." आईने पिशवीतून बॅटरी काढली, काठावर धरली आणि म्हणाली, "विटकरी."

तो बिचारा पदर धरून स्वतःच बाहेर उन्हात धावला म्हणे.